थंडोबाची युक्ती

डेपोत त्याला थंडोबा म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं, पण ते त्याला असं चपखल बसलं होतं की हजेरी घेणारा कारकूनसुद्धा समोरच्या कागदावरचं नाव न वाचता "थंडोबा आले का?" असंच विचारायचा. तोही न रागावता हात वर करायचा. रागावणं हा प्रकारच त्याच्या अंगात नव्हता. बस चालवायला लागून वीसेक वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात त्याने कोणा प्रवाशाला उलट उत्तर दिल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. खरं म्हणजे सरळ उत्तर दिल्याचंही फारसं कोणी ऐकलं नव्हतं.

बस मात्र तो झकास चालवायचा. त्याच्या गाडीत उभ्या माणसाला दांडा धरावा लागत नाही, असं नेहमीचे प्रवासी सांगायचे. पण डेपोत त्याचं नाव झालं होतं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. कंडक्टर बंद झाल्यापासून बसमधली भांडणं ड्रायव्हरच्या गळ्यात धोंडीसारखी पडली होती. भांडणाला विषय काहीही चालतो. खिडकी उघडी ठेवायची की बंद, पायावर पाय पडला, बाकावर पिशवीला का बसवलंय. नवखे ड्रायव्हर मध्ये पडतात आणि दोन्ही बाजूंनी झोडपून निघतात. सुरुवातीला थंडोबाही पडला होता. तेव्हा एका म्हाताऱ्याची छत्री त्याच्या पाठीत बसली होती, आणि ज्याची बाजू घ्यायला गेला त्यानेच वर तक्रार केली होती. त्यानंतर त्याने युक्ती काढली.

मागे आवाज चढला की तो गाडी कडेला घ्यायचा, इंजिन बंद करायचा आणि सीटखालचं फडकं काढून स्टिअरिंग पुसत बसायचा. मागे वळायचं नाही, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. अळीमिळी गुपचिळी. इंजिनाची घरघर थांबली की भांडणाऱ्यांना आपलेच आवाज ऐकू यायला लागतात आणि बाकीच्यांना आपापली घाई आठवते. मग लोकच काय ते मिटवतात. कोणी दुसऱ्या बाकावर जातं, कोणी उतरतं, आणि मागून "चला हो ड्रायव्हर" अशी हाक येते. हा फडकं ठेवतो आणि निघतो. वरच्या साहेबांना ही तऱ्हा इतकी आवडली की नव्या ड्रायव्हरांना ती शिकवायचं काम त्यांनी थंडोबावरच सोपवलं. त्याने एका वाक्यात शिकवणी आटोपली. "गाडी थांबवायची आणि आपण तिथे नाहीच असं समजायचं."

घरीसुद्धा तो हेच करायचा, फक्त फडक्याच्या जागी बूट पुसायचा ब्रश असायचा.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुलगी लग्न होऊन गेली होती. घरात तो, बायको आणि ताई. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला ठेवून घेतलं नाही, तेव्हापासून ती भावाकडे होती. एका लाँड्रीत तुटलेली बटणं लावायचं, उसवलेले काज दुरुस्त करायचं काम ती करायची. संध्याकाळी घरी आली तरी तिच्या ब्लाउजला दोन-चार सुया टोचलेल्या असायच्या आणि थंडोबाची बायको "वन्सं, आधी त्या सुया काढा, मग बसा" असं ओरडायची. नणंद-भावजयीचं तसं बरं चाललं होतं. घासाघाशी व्हायची, भांड्याला भांडं लागायचं, पण ताईला उशीर झाला तर तिची भाजी झाकून ठेवायला ती विसरायची नाही.

मोडता घातला तो वरच्या मजल्यावरच्या काकूंनी. या काकूंना सगळी इमारत पाठीमागे रेडिओ म्हणायची. त्यांनी एके दिवशी थंडोबाच्या बायकोला गाठून कानात सांगितलं, "तुझी नणंद म्हणत होती गं, रात्री तिच्या पोटात धड अन्न जात नाही या घरात." झालं. बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी हिच्यासाठी ताटं झाकून ठेवते आणि ही माझी अब्रू जिन्यात मांडते!" ताई म्हणाली, मी असं बोललेच नाही. बायको म्हणाली, मग काय काकूंना स्वप्न पडलं?

आता मजा बघा. ताई काय बोलली होती ते, ती आणि काकू सोडल्या तर, एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं आणि तो म्हणजे थंडोबा. ताई जिन्यात काकूंशी बोलत होती त्या संध्याकाळी तो कामावरून येत होता. वर काकूंचा आवाज ऐकून, आपण तावडीत सापडू नये म्हणून तो खालच्या वळणावरच थांबला होता. ताई म्हणाली होती, "हल्ली रात्री मला जेवणच जात नाही. ती बिचारी वाढते, पण निम्मं तसंच राहतं." एवढंच. काकूंनी त्याचा राईचा पर्वत केला होता. थंडोबा एक वाक्य बोलला असता तर प्रकरण जागच्या जागी संपलं असतं. तो बाल्कनीत जाऊन बूट पुसत बसला. दोघी आपसांत मिटवतील, असा त्याचा हिशेब होता.

चार दिवस झाले तरी मिटलं नाही, उलट चिघळलं. चौथ्या दिवशी सकाळी तो निघायला लागला तेव्हा ताई दारात येऊन उभी राहिली.

"माझी एक सोबतीण कामकरी बायकांच्या वसतिगृहात राहते," ती म्हणाली. "तिच्या खोलीत एक खाट रिकामी आहे. दुपारी सुट्टी घेऊन मी सामान बांधणार आहे. तुझी बायको मला खोटारडी म्हणते. तू काय म्हणतोस ते एकदा सांग. तू राहा म्हणालास तर राहीन."

"हो, आज सांगाच," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "एकदा सोक्षमोक्ष लावून टाका. दर वेळी वाईट मीच का व्हायचं?"

थंडोबाने बुटाची नाडी बांधली. "उशीर होतोय," तो म्हणाला आणि जिना उतरला. उतरताना त्याला वाईट वाटत होतं, हे खरं. पण संध्याकाळपर्यंत दोघी शांत होतील, असंही त्याला मनापासून वाटत होतं.

दिवसाच्या दुसऱ्या फेरीला बस भरलेली होती. ड्रायव्हरच्या डोक्यावर जो लांब आरसा असतो, त्यात त्याला आतलं सगळं दिसायचं. माणसांपेक्षा आरशातली माणसंच त्याच्या जास्त ओळखीची झाली होती. पुढून चौथ्या बाकावर, मधल्या वाटेच्या बाजूला, कडक इस्त्रीची राखी पँट घातलेला एक माणूस मांडीवर बॅग घेऊन बसला होता. त्याच्याशेजारी एक सफाईवाली बाई उभी होती. तिच्या पायाशी बादली, बादलीत फडकी आणि एक ब्रश. मोठ्या चौकात गाडी वळली तेव्हा राखी पँटवाल्याची बॅग कलंडली. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात पाण्याची बाटली होती, ती आडवी झाली आणि झाकणातून थेंब थेंब पाणी मांडीवर गळायला लागलं. तो गडी खिडकीबाहेर बघत होता. थंडोबाने आरशात ते पाहिलं. ह्याची आता छान अंघोळ होणार, असं मनात म्हणून तो हसलासुद्धा.

थोड्या वेळाने मागून आवाज आला.

"अहो बाई! काय केलंत हे? बादली सांभाळता येत नाही?"

"मी काय केलं?"

"हे बघा! सगळी पँट भिजवलीत! मला आता साहेबांपुढे उभं राहायचंय!"

"दादा, बादली कोरडी आहे. हात घालून बघा पाहिजे तर."

"मी हात घालू? तुमच्या त्या बादलीत?"

"मग मी उलटी करून दाखवते."

"नको, नको! आणखी कोणाकोणाला भिजवणार आहात?"

काठीवाले एक आजोबा म्हणाले, "मुळात बसमध्ये बादल्या घेऊ देतातच कशा?" पलीकडच्या एका बाईने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. राखी पँटवाला उभा राहिला आणि त्याचा आवाज टिपेला गेला. अशा फडक्यांना कसलं कसलं पाणी लागलेलं असतं, असं तो सगळ्या बसला सांगू लागला. बाईचाही आवाज चढला. "फडकी मी धुऊन वाळवून आणते. तुमच्या रुमालापेक्षा स्वच्छ आहेत!"

थंडोबाने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. फडकं काढलं.

नेहमीप्रमाणे शांतता पसरली. नेहमीप्रमाणे लोकांनी घड्याळं बघितली. मग एक जण अगदी गोड आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही असं करा ना, उतरून घ्या. मागून दुसरी येतेच आहे."

"मी का उतरू? पास दाखवून चढलेय मी."

"पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"माझी ड्यूटी सुरू होईल. आमची मुकादम दारातच उभी असते. उशीर झाला की आत घेत नाही, दिवस बुडतो."

"आणि आमचे दिवस बुडतायत त्याचं काय?" काठीवाले आजोबा म्हणाले.

राखी पँटवाल्याला कोणी उतरा म्हणालं नाही. तसं कोणाच्या मनातही आलं नाही. एकदा दिशा ठरल्यावर मग सगळ्यांचे आवाज तिकडेच वळले. उतरा हो बाई. ताणू नका. कशाला वाढवता. बाई एकेकाकडे बघत राहिली, आणि मग तिने मान वर करून थेट आरशात बघितलं.

"ड्रायव्हरदादा, तुम्हाला आरशात सगळं दिसतं ना? तुम्ही सांगा. माझ्या बादलीतून पाणी सांडलं का?"

वीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. थंडोबाचा हात स्टिअरिंगवर थांबला. आरशात त्यांची नजरानजर झाली. सांगायला एक वाक्य पुरे होतं, 'साहेब, तुमची बाटली बघा.' ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण सवय वाईट. हात पुन्हा पुसायला लागला.

"दार उघडा हो," कोणीतरी म्हणालं आणि त्याने बटण दाबलं.

बाई उतरली. उतरताना तिची बादली पायरीवर आपटली आणि रिकाम्या बादलीचा खणखणीत आवाज झाला. तो सगळ्या बसने ऐकला. तिने खाली पडलेली फडकी गोळा केली, बादलीत टाकली आणि ती रस्त्याच्या कडेने चालायला लागली. पुढचा थांबा बराच लांब होता.

गाडी सुरू झाली. दोन थांबे गेले असतील, तेवढ्यात राखी पँटवाला एकदम "अरेच्चा!" म्हणाला. बाटली हातात धरून तो तिचं झाकण फिरवत होता. "माझीच बाटली गळतेय की हो!" तो हसला. शेजारचा हसला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," असं म्हणून आजोबाही हसले. पिशवीवाली बाई म्हणाली, जाऊ दे आता, ती काय परत येणार आहे. आजोबा उतरताना ड्रायव्हरपाशी क्षणभर थांबले. "पण तुम्ही मिटवलंत मात्र छान. शब्दसुद्धा न बोलता!"

थंडोबाला त्या शाबासकीची शिसारी आली. त्या फेरीत त्याने आयुष्यात पहिल्यांदा एक थांबा चुकवला. आपल्या बसमधून आजवर कोण कोण उतरलं, ते त्याला आठवायला लागलं. भाषा न येणारा एक मजूर. कमी ऐकू येणारी एक म्हातारी, जिला शेवटपर्यंत कळलंच नव्हतं की आपल्याला का उतरवतायत. गाठोडं घेतलेली एक बाई. मोठ्या आवाजाची माणसं कधी उतरली नव्हती. इस्त्रीचे कपडे कधी उतरले नव्हते. गाडी थांबली की लोकांना फक्त ती सुटायला हवी असते, मग ज्याला हाकलणं सोपं त्याला ते हाकलतात. आणि दार उघडायचं बटण तर ह्याच्याच हाताशी. इतकी वर्षं तो त्यालाच मिटणं म्हणत आला होता.

परतीच्या फेरीत तो त्या रस्त्यावर हळू झाला. बाई दिसली नाही. तिला त्या मुकादमबाईने आत घेतलं की दिवस बुडाला, ते त्याला पुढेही कधी कळलं नाही.

पण घरी ताई दुपारी सामान बांधणार होती आणि दुपार तर झालीच होती. डेपोत गाडी लावून तो तडक हजेरीच्या कारकुनाकडे गेला.

"मला उरलेली पाळी सोडा," तो म्हणाला. "घरी जायचंय."

कारकुनाने चष्मा वर केला. थंडोबाने सुट्टी मागितल्याचं त्याच्या आठवणीत नव्हतं. "कोणी आजारी आहे का?"

"नाही. बोलायचंय."

"मग फोन करा की."

"फोनवर नाही जमायचं. मला समोरसुद्धा जमत नाही," थंडोबा म्हणाला. कारकुनाला वाटलं हा थट्टा करतोय. तरी त्याने सोडलं.

दुसऱ्याच्या बसमध्ये उभ्याने प्रवास करत तो घरी निघाला. वाटेत तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोकत होता. जिना चढताना त्याला धाप लागली. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत ताईची ट्रंक दोरी बांधून तयार होती. ताई खाटेवरची चादर काढून घड्या घालत होती. स्वयंपाकघरात बायको धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होती. ती भांड्यांचा एवढा आवाज करत होती, की तिलाही हे जाणं सोसवत नव्हतं हे कोणालाही कळलं असतं.

"ताई खोटं बोलत नाही," थंडोबा दारातूनच म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला. भांडी थांबली. "रात्री मला जेवण जात नाही, ती बिचारी वाढते पण निम्मं तसंच राहतं, असं ती म्हणाली होती. मी ऐकलंय."

बायको ओल्या हातांनी बाहेर आली. "कधी ऐकलंत?"

"त्याच दिवशी. मी जिन्यात होतो."

"म्हणजे चार दिवस तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी वन्संना नाही नाही ते बोलत होते, ते ऐकत तुम्ही बूट पुसत बसलात?" तिचा आवाज रडवेला झाला. ती ताईकडे वळली. "वन्सं, चुकलं माझं. त्या भवानीचं ऐकून मी तुम्हाला... कुठे जाऊ नका." असं म्हणून ती खाली बसली आणि ट्रंकेची दोरी सोडायला लागली. गाठ घट्ट होती आणि तिची बोटं ओली होती.

थंडोबाला हायसं वाटलं. बोलणं इतकं सोपं असतं, याचं त्याला नवल वाटलं. पण ताईचं लक्ष भावजयीकडे नव्हतं. घडी घातलेली चादर छातीशी धरून ती भावाकडे बघत होती.

"तुला ऐकू येतं?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मला वाटायचं, इंजिनाशेजारी बसून बसून तुझे कान गेलेत. मी लोकांना तसंच सांगायचे. त्याला कमी ऐकू येतं हो, म्हणून तो बोलत नाही, मनाने वाईट नाही तो." ती खाटेच्या कडेवर टेकली. "म्हणजे ऐकू येत होतं."

"मग हे गेले त्यानंतरचं सांग," ताई म्हणाली. "तू मला भेटायला आला होतास. बाहेरच्या खोलीत बसला होतास. आत सासू आणि दीर मला म्हणत होते की हिने औषधं वेळेवर दिली नाहीत, हिच्यामुळे तो गेला, हिला घरात ठेवायची नाही. तू तर सगळ्या रात्री दवाखान्यात माझ्याबरोबर जागला होतास. तेव्हा तू ऐकलंस?"

बाल्कनीत जावं, असं थंडोबाला फार वाटलं. ब्रश तिथेच होता. पण तो हलला नाही.

"ऐकलं," तो म्हणाला. "तू सगळी औषधं वेळेवर दिली होतीस. एकही चुकवलं नव्हतंस. मला माहीत आहे."

"ते मलाही माहीत आहे रे," ताई म्हणाली. "त्यांना माहीत नव्हतं."

दोरीची गाठ सुटली. बायको उठली, ताईच्या हातातली चादर घेतली आणि पुन्हा खाटेवर पसरली. मग "चला, चहा घेऊ," म्हणून तिने ताईला दंडाला धरून आत नेलं. थंडोबा बाहेरच्या खोलीत उभा होता. आतून दोघींचं हळू आवाजातलं बोलणं येत होतं आणि त्याला त्यातला शब्दन् शब्द ऐकू येत होता.